ऑडिशनमध्ये निवड न होणं वेगळं, एलिमिनेट होणं वेगळं

परळला माझा गाण्याचा क्लास आहे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेची ऑडिशन लागली की क्लासमधली दोन-चार मुलं जातात आणि पुढचा आठवडाभर पालकांचे फोन सुरू राहतात. त्या फोनवर एक वाक्य सारखं ऐकू येतं, "ताई, तिला काढलं हो." पहिल्याच फेरीतून परत आलेल्या मुलीलाही 'काढलं' आणि दोन महिने टीव्हीवर गाऊन बाहेर पडलेल्या मुलालाही 'काढलं'. घरात दोघांची समजूतही एकाच शब्दांत घातली जाते, तिथेच घोटाळा होतो. दोन्ही वेळी विचारलेला प्रश्न वेगळा असतो आणि उत्तर देणारी माणसंही वेगळी असतात.

आधी ऑडिशन. माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर मी दादरच्या एका शाळेत गेले होते. सकाळी साडेसहाला पोचलो तर रांग फाटकाबाहेर फूटपाथवर आलेली. फॉर्म भरला, फोटो चिकटवला, नंबराचा कागद सेफ्टी पिनने कुर्त्यावर लावला. आमचा नंबर दुपारी अडीचला लागला. तोवर रांगेत दोन डबे संपले होते आणि पोरीचा घसा बोलून बोलून कोरडा पडला होता. आत बाकं मागे सरकवलेला वर्ग, टेबलामागे दोन माणसं, कोपऱ्यात एक कॅमेरा. पेटी नाही, तबला नाही, फोनवर तानपुरा. मुखडा आणि अर्धा अंतरा झाला, "दुसरं काही?" म्हणून विचारलं, तिने चार ओळी म्हटल्या. "थँक यू, कळवू." सगळं मिळून दोन मिनिटं.

टेबलामागची ती दोन माणसं म्हणजे टीव्हीवर दिसणारे परीक्षक नव्हेत. पहिल्या फेऱ्या बहुतेक ठिकाणी कार्यक्रमाची म्युझिक टीम घेते. हल्ली तर पुष्कळदा पहिली फेरी ॲपवर व्हिडिओ पाठवूनच होते. नामवंत परीक्षकांसमोर उभं राहायची वेळ येते तोवर बरीच गाळणी झालेली असते.

ही गाळणी कशी चालते ते पालकांनी नीट समजून घ्यायला हवं. सूर आणि लय हा पहिला उंबरठा. तो ओलांडणारी मुलं भरपूर असतात; मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कुठेही जा, सुरेल गाणारी पोरं कमी नाहीत. त्यानंतरचा प्रश्न 'ही चांगली गाते का' हा नसतोच. प्रश्न असतो, 'आपल्याला जे दहा-बारा जण हवेत, त्यात हिची जागा कोणती?' कार्यक्रम काही महिने चालवायचा असतो. एका आठवड्यात लावणी, एकात नाट्यगीत, एकात कोळीगीत, एकात हिंदी. मग एक ठसकेबाज आवाज लागतो, एक शास्त्रीय बैठकीचा, एक पोवाड्याला साजेसा, एक वयाने अगदी लहान. नाट्यगीत उत्तम म्हणणाऱ्या तीन मुली आल्या तर जागा बहुधा एकीलाच. उरलेल्या दोघी कमी गायल्या असं त्यातून निघत नाही. माझ्या विद्यार्थिनीचं तेच झालं. तिच्या आधीच्या तासाभरात पाच जणींनी तेच भावगीत म्हटलं होतं, तेही जवळजवळ त्याच पट्टीत. दाराबाहेर बसून मी ते ऐकत होते, आणि गाणं मीच निवडून दिलं होतं.

एलिमिनेशनला हा उंबरठाच नसतो. तिथे असते रांग. दहा-बारा जण आधीच पक्के असतात आणि वेळापत्रकही पक्कं असतं. ठरलेल्या आठवड्याला एक जण जाणार म्हणजे जाणार, त्या दिवशी सगळे जीव ओतून गायले तरी. रांग म्हटली की शेवटचा कोणीतरी असतोच.

आणि ती रांग लावतात मुख्यतः प्रेक्षक. झी मराठीच्या 'सारेगमप'मध्ये परीक्षक गुण स्वरांत द्यायचे. 'नी' मिळाला की घराघरांत टाळ्या पडायच्या, वरचा 'सा' मिळाला तर विचारायलाच नको. म्हणूनच "अहो, परवाच तर 'नी' मिळाला होता, मग बाहेर कशी पडली?" हा प्रश्न यायचा. गुण हे गाण्याला असतात. मतं माणसाला पडतात. त्याच्या गावाला, त्याच्या हसण्याला, एव्हीमध्ये, म्हणजे गाण्याआधी त्याची ओळख करून देणाऱ्या छोट्या फिल्ममध्ये, दाखवलेल्या त्याच्या आजीलाही पडतात. यात मला काही गैर वाटत नाही. प्रेक्षक जीव लावून मत देतो. पण ते मोजमाप वेगळं आहे, एवढं मुलाला कळलं पाहिजे.

'अर्धे गुण परीक्षकांचे, अर्धी मतं प्रेक्षकांची' असा नियम असला की लोकांना वाटतं, दोघांचं वजन सारखं. तसं होत नाही. मी क्लासच्या फळ्यावर हे एकदा मांडून दाखवलं होतं. समजा, पाच स्पर्धक आहेत. परीक्षकांनी शंभरपैकी 95, 92, 90, 88 आणि 85 गुण दिले. परीक्षक सहसा असेच गुण देतात, कारण इथवर आलेलं कोणीच वाईट गात नाही. मतं मात्र त्याच क्रमाने 8, 12, 20, 25 आणि 35 टक्के पडली. आता गुणांचेही टक्के काढा. एकूण 450 पैकी पहिलीचा वाटा साधारण 21 टक्के आणि शेवटच्याचा 19. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा, आणि मतांमध्ये तोच फरक 27 टक्क्यांचा! दोन्हींची सरासरी काढली की सगळ्यात जास्त गुण मिळवणारी पहिली साडेचौदावर येते आणि सगळ्यात कमी गुणांचा शेवटचा 27 वर. अख्खी रांग उलटी झाली, तीही नियम तंतोतंत पाळून. टक्क्यांऐवजी गुणांतला आणि मतांतला नुसता क्रमांक घेऊन बेरीज केली असती तर पाचही जणांची प्रत्येकी सहाच आली असती आणि कोणाला पाठवायचं हा पेच पडला असता. मुलं बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसली होती.

काही कार्यक्रमांत दोन टप्पे असतात. कमी मतांचे दोघं-तिघं 'डेंजर झोन'मध्ये येतात आणि त्यातून कोणाला वाचवायचं ते परीक्षक ठरवतात. तिथे दारापर्यंत नेतात प्रेक्षक आणि दार उघडतात परीक्षक. टीव्हीवर शेवटचा शब्द परीक्षकाच्या तोंडून ऐकू येतो, म्हणून सगळा राग त्यांच्यावर निघतो. वाइल्ड कार्डने परत येणं हा आणखी वेगळा प्रकार, त्याचे नियम दर कार्यक्रमाला बदलतात.

एलिमिनेशन म्हणजे गाण्याचा निकाल नव्हे, याची उदाहरणं सगळ्यांसमोर आहेत. 2005 मध्ये 'फेम गुरुकुल' या हिंदी गाण्याच्या स्पर्धेतून अरिजित सिंग अंतिम फेरीआधीच बाहेर पडला होता. पुढचं सांगायची गरज नाही. 2009 मध्ये 'सारेगमप'च्या लहान मुलांच्या पर्वाची, 'लिटिल चॅम्प्स'ची, विजेती कार्तिकी गायकवाड ठरली, पण आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत यांच्यासकट ती पाचही मुलं लोकांनी 'पंचरत्न' म्हणून मनात ठेवली. 2021 च्या पर्वात हेच पाच जण परीक्षकांच्या खुर्चीत बसले. मतांचा जोर काय असतो हे मुंबईने त्याच्याही आधी पाहिलं होतं. 2005 मध्ये आपला अभिजीत सावंत पहिला 'इंडियन आयडॉल' झाला, तेव्हा लोकलच्या डब्यात अनोळखी बायका एकमेकींना "एसएमएस केलात का?" म्हणून विचारत होत्या. मीही केला होता. तो उत्तम गायलाच, पण त्या रात्री डब्यात त्याच्या तानांबद्दल कोणी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, 'आपला मुलगा'.

म्हणून या दोन प्रसंगांनंतर मी क्लासमध्ये दोन वेगळ्या गोष्टी करते. ऑडिशनहून परत आलेल्या मुलीबरोबर बसून गाणं बदलते. तिच्या आवाजात जे इतरांकडे नाही ते कोणत्या गाण्यात पहिल्या वीस सेकंदांत दिसेल, ते शोधते. पट्टी अर्ध्या स्वराने वर-खाली करून बघते. दादरहून परतलेल्या त्या मुलीला पुढच्या वर्षी मी ओव्या दिल्या आणि ती दोन फेऱ्या पुढे गेली.

एलिमिनेट होऊन आलेल्या मुलाच्या बाबतीत मी काहीच बदलत नाही. गेल्या खेपेला एक जण असाच रविवारी टीव्हीवर बाहेर पडला आणि सोमवारी संध्याकाळी नेहमीच्या वेळेला वही घेऊन दारात उभा राहिला. डोळे सुजलेले होते. मी तानपुरा लावला आणि शूटिंगला जाण्याआधी यमनची जी तान अर्धी राहिली होती, तिथूनच पुढे घेतली.