कोटेशनआधी आम्ही तुमचा साबण का मागतो

"एक मिलीचा पंप केवढ्याला पडेल?" आम्ही साबणाचे डिस्पेन्सर बनवतो आणि फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो; एक मिली म्हणजे एका दाबाला येणारा साबण. आमचे उत्तर ऐकून समोरचे थोडे नाराज होतात, कारण आम्ही भाव सांगायच्या आधी म्हणतो, तुमचा पाच लिटर साबण पाठवा. तोही तुम्ही रोज वापरता तोच, त्याच कॅनमधला. साबण विकणे हा आमचा धंदा नाही, मग तो कशाला लागतो, हे प्रत्येकाला फोनवर नीट सांगता येत नाही. म्हणून हे पत्रक.

भोसरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात आम्ही हाताने, कोपराने किंवा पायाने चालणारे डिस्पेन्सर तयार करतो. वीज, सेन्सर, बॅटरी यांतले काही नसते. हात धुण्याचा साबण हे मुख्य काम, पण सॅनिटायझर, खोबरेल, काकवी, कारखान्यातली दाणेदार हँडवॉश पेस्ट यांच्यासाठीही पंप केले आहेत.

हापसा आणि साबणाचा पंप

गावात ज्याने हापसा मारला आहे, विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) ज्याने एकदा तरी साफ केला आहे, त्याला साबणाचा पंप अर्धा कळलेलाच असतो. नळीच्या वरच्या तोंडाशी काचेचा किंवा स्टीलचा एक छर्रा असतो. तोच फूटव्हॉल्व्ह. तुम्ही दाबता तेव्हा छर्रा खाली बसतो, परतीची वाट बंद होते आणि पिस्टनखालचा साबण वरच्या झडपेतून नोझलकडे जातो. बोट उचलले की स्प्रिंग पिस्टनला वर ढकलते, वरची झडप मिटते आणि आत पोकळी तयार होते. मग बाटलीतल्या साबणावर हवेचा जो दाब असतो तो साबणाला नळीतून वर चढवतो. नवा पंप पहिले चार-पाच दाब कोरडेच घेतो, कारण आत हवा असते आणि हवा दाबली की नुसती आक्रसते. त्याला खराब समजून परत पाठवू नका.

एक छोटे भोक मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. जितका साबण बाहेर गेला तितकी हवा बाटलीत आत आली पाहिजे. तिची वाट बुजली तर बाटली पोचे पडून आत ओढली जाते आणि पंप जड होतो. उलट उन्हात ठेवलेल्या अर्ध्या रिकाम्या बाटलीत हवा फुगते, तिला त्याच भोकातून सुटायला जागा नसेल तर ती साबणाला नोझलबाहेर रेटते. "दुपारी आपोआप टपकतो" या तक्रारींमागे पुष्कळदा हेच असते.

एक मिली कसा मोजतात

हे गणित सोपे आहे. पिस्टनचे क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक, म्हणजे पिस्टन जितका खाली जातो ते अंतर. १० मिमी व्यासाचा पिस्टन १३ मिमी खाली गेला की साधारण १ मिली बाहेर येतो. १६ मिमी व्यासाचा पिस्टन फक्त ५ मिमी खाली गेला तरी तितकाच येतो. कागदावर दोन्ही सारखे. पण आत तितकाच दाब हवा असेल तर मोठ्या पिस्टनला सुमारे अडीचपट जोर लावावा लागतो. बालवाडीतल्या मुलाच्या हाताला तो जमत नाही. शाळांसाठी आम्ही बारीक पिस्टन आणि लांब स्ट्रोक घेतो, मग डिस्पेन्सर दोन बोटे लांब दिसला तरी चालेल.

डोस किती ठेवायचा याचा विचार मात्र मन लावून करा. समजा, कँटीनमध्ये ४०० कामगार दिवसातून दोनदा हात धुतात आणि प्रत्येक जण एकदाच दाबतो. डोस १ ऐवजी २ मिली ठेवला तर रोज ८०० मिली जास्त जातो, आणि महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत २० लिटर. उलट डोस फारच कमी ठेवला तर माणूस तीनदा दाबतो आणि सगळा हिशेब कोलमडतो. हात पिठाने भरलेले आहेत की ग्रीसने, हे म्हणून आम्ही विचारतो.

खरी अडचण घट्टपणाची

पाण्याचा घट्टपणा १ सेंटिपॉइज (घट्टपणा मोजायचे एकक) धरला तर बाजारातले हँडवॉश काही हजारांत असते. मध खोलीच्या तापमानाला दहा हजारांच्या आसपास, थंडीत त्याहून पुष्कळ जास्त. आता वरच्या यंत्रणेकडे परत बघा. साबणाला वर चढवणारी शक्ती हवेच्या दाबाची आहे आणि तो दाब आपल्याला वाढवता येत नाही. आत अगदी पूर्ण पोकळी झाली तरी १० मिमीच्या पिस्टनवर सुमारे ८०० ग्रॅम वजनाइतकीच ओढ मिळते. स्प्रिंग कितीही कडक घातली तरी त्यापलीकडे काही होत नाही. साबण वेळेत वर आला नाही तर पुढच्या दाबाला अर्धाच डोस पडतो. ग्राहक म्हणतो पंप खराब आहे. पंप ठीक असतो, नळी बारीक असते.

नळीच्या बाबतीत निसर्गाचा नियम फार कडक आहे. आतला व्यास निम्मा केला तर अडथळा दुप्पट किंवा चौपट होत नाही, सोळापट होतो. म्हणून घट्ट द्रवासाठी आम्ही सगळ्यात आधी नळी रुंद आणि आखूड करतो. स्प्रिंगकडे त्यानंतर बघतो. स्वस्त पंपात नेमके उलटे केलेले असते.

घट्टपणाचा अंदाज डोळ्यांनी घेता येत नाही. बहुतेक हँडवॉश मीठ घालून घट्ट केलेले असते. मीठ वाढवत गेले की ते घट्ट होते, आणि एका मर्यादेनंतर आणखी मीठ पडले की पुन्हा पातळ होते. त्यात पाणी घातले तर ते एकदम पाण्यासारखे होते. काटकसर म्हणून कॅनमध्ये पाणी ओतले की आमचा घट्ट साबणासाठी केलेला पंप पिचकारी मारू लागतो आणि शर्टाची बाही भिजते. जेलची तऱ्हा आणखी वेगळी. जेल स्वतःहून सपाट होत नाही. नळीभोवतीचे तेवढे शोषले जाते, तिथे विहिरीसारखा खड्डा पडतो आणि पंप हवा धरतो, जरी भोवती अर्धी बाटली भरलेली असली तरी. अशा द्रवाला नळी कितीही रुंद करून उपयोग होत नाही. त्याला उलटी टांगलेली, आपोआप आक्रसत जाणारी पिशवीच हवी.

दाणेदार पेस्टमध्ये छर्रा चालत नाही. एक दाणा छर्‍याखाली अडकला की फूटव्हॉल्व्ह गळू लागतो. तिथे आम्ही सिलिकॉनची पाकळीसारखी झडप वापरतो, ती दाण्याभोवती मिटते. काकवीला ही झडपही पुरत नाही. नोझलच्या टोकाला साखर धरते, म्हणून तो सगळा पंप पाना-स्क्रूड्रायव्हर न लावता उघडून गरम पाण्यात धुता आला पाहिजे. आणि खोबरेल? ते २४ अंशांच्या आसपास गोठते. नागपूरच्या थंडीत सकाळी चालणारा खोबरेलाचा पंप आम्हाला करता येणार नाही, हे आधीच सांगतो. तिथे तोंड रुंद असलेली बरणी बरी.

फेसाचा पंप ही वेगळीच जात आहे. त्यात दोन पिस्टन असतात, एक साबणाचा आणि एक हवेचा. साबण आणि हवा दोन्ही एका बारीक जाळीतून बाहेर पडतात. त्याला पातळ साबणच लागतो. नेहमीचे घट्ट हँडवॉश ओतले तर जाळी तुंबते.

प्लास्टिक, रबर, स्प्रिंग

इथे एक चूक आमची झाली होती, ती सांगतो. एका कँटीनला भिंतीवरचे डिस्पेन्सर दिले, बॉडी एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकची. त्यांच्या साबणात आम्ही ते तपासले होते आणि सगळे ठीक होते. पुढे त्यांनी लिंबाच्या वासाचा दुसरा साबण घेतला. काही आठवड्यांत स्क्रूभोवती केसासारख्या भेगा दिसल्या आणि मग बॉडी तडकली. लिंबाच्या सालीतले तेल अशा प्लास्टिकला खाते, विशेषतः जिथे ते स्क्रूने ताणलेले असते तिथे. सगळे नग आम्ही बदलून दिले. तेव्हापासून द्रवाला लागणारा प्रत्येक भाग पॉलिप्रॉपिलीनचा करतो आणि करारात एक ओळ घालतो: साबण बदलणार असाल तर आधी नमुना पाठवा.

स्प्रिंगसाठी ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील लागते, कारण साबणातले मीठ ३०४ ला बारीक खड्डे पाडते. शक्य असेल तिथे आम्ही स्प्रिंग साबणाच्या बाहेरच ठेवतो. वायसरचे रबर द्रव बघून ठरते. ईपीडीएम जातीचे रबर साबणात आणि अल्कोहोलमध्ये छान टिकते, पण तेलात फुगते. तेलाला नायट्राइल रबर.

पायाने चालणारे स्टँड

२०२० मध्ये प्रत्येक दुकानाच्या दारात पेडलचे स्टँड उभे राहिले. वेल्डिंगच्या छोट्या-छोट्या वर्कशॉपनी ते रातोरात बनवले आणि त्या दिवसांत त्यांनी फार मोठी सोय केली. पण बहुतेक स्टँडमध्ये एक दोष होता. पेडलचा दांडा वर्तुळात फिरतो, पंप मात्र सरळ खाली दाबला जायला हवा. दर दाबाला पंपाची मान थोडी तिरकी ढकलली जायची, वायसर एका बाजूने झिजायचे आणि गळती सुरू व्हायची.

याचे उत्तर महाराष्ट्रात कित्येक वर्षांपूर्वी सापडले होते, याचा आम्हाला अभिमान वाटतो. १९६० च्या दशकात जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादी हापसा तयार केला, सोलापुरात तो सुधारला आणि त्यावरूनच १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने देशभर गेलेला इंडिया मार्क टू घडला. त्याच्या दांड्याच्या डोक्यावर कमानीवरून साखळी जाते. दांडा वर्तुळात फिरतो, पण साखळी आतल्या सळईला सरळ वर ओढते. आमच्या पेडलमध्ये साखळीच्या जागी सायकलच्या ब्रेकसारखी केबल आहे. कल्पना तीच.

भर घालू नका

दवाखाने, पाळणाघरे आणि स्वयंपाकघरे यांना आमची कळकळीची विनंती आहे. अर्ध्या रिकाम्या डिस्पेन्सरमध्ये वरून साबण ओतू नका. जुन्या साबणात आणि भिंतींवरच्या बुळबुळीत थरात जंतू वाढतात आणि नवा साबणही त्यांच्याच स्वाधीन होतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००२ च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णालयांना हेच सांगितले होते. आधी पूर्ण रिकामा करा, धुवा, वाळवा, मग भरा. हे रोजच्या धावपळीत होणार नसेल, आणि आमच्या अनुभवात बहुतेक ठिकाणी होत नाही, तर बंद पिशवीचा डिस्पेन्सर घ्या. त्यात नोझल पिशवीबरोबरच येते आणि तिच्याबरोबरच जाते. खर्च जास्त आहे हे मान्य, तरी दवाखान्याला आम्ही दुसरा प्रकार विकत नाही.

नमुना आल्यावर

तुमच्या द्रवाचा घट्टपणा आम्ही १५, २५ आणि ४० अंशांना मोजतो. प्लास्टिकचे आणि रबराचे तुकडे त्यात चार आठवडे बुडवून ठेवतो, पट्ट्या वाकवून ताणलेल्या अवस्थेत. दरम्यान लेथवर आणि थ्रीडी प्रिंटरवर एक पंप करून तुमच्याकडे पाठवतो, म्हणजे जोर किती लागतो हे तुमची माणसे स्वतः दाबून बघतील. प्लास्टिकचे भाग पाडायच्या साच्याला हात त्यानंतरच, कारण साचा हा सगळ्यात मोठा खर्च आहे आणि एकदा कापलेले स्टील परत जोडता येत नाही. शेवटी यंत्रावर दोन लाख दाब. हा आकडा मोठा वाटेल, पण वरच्या कँटीनमध्ये एकच डिस्पेन्सर असता तर त्याला रोज ८०० दाब पडले असते. महिन्याचे २५ दिवस धरले की दहा महिन्यांत दोन लाख होतात.

कॅन पाठवताना त्यावर साबणाचे नाव, बॅच नंबर आणि तुम्ही त्यात पाणी घालता का, घालत असाल तर किती, हे लिहा. सोबत डिस्पेन्सर जिथे बसवायचा त्या भिंतीचा एक फोटो द्या, बेसिन आणि नळ दिसेल असा. अल्कोहोलचा सॅनिटायझर असेल तर आधी फोन करा. तो पेट घेणारा आहे आणि नेहमीच्या कुरियरने येत नाही. त्याचा नमुना घ्यायला आमचा माणूस येईल.