शेर गेला, वाटी राहिली

आमच्या पिठाच्या डब्यात सासूबाईंचं पितळी चिपटं, म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, अजून आहे, नाशिकच्या भांडी बाजारातलं. परवा ते सपाट भरून तांदूळ काट्यावर ठेवले, मग त्याच चिपट्यानं नागलीचं पीठ. पीठ तांदळाच्या जेमतेम दोन तृतीयांश भरलं. चिपटं दोनदा ओट्यावर आपटलं तर पीठ खाली बसलं आणि वर दोन चमचे आणखी मावले. ‘एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?’ या प्रश्नाला एकच उत्तर का नाही, ते तिथंच कळतं.

हा प्रश्न आपल्याकडे तसा अलीकडचा. धान्य मापानं मोजायचं आणि गूळ, मसाले तागडीनं तोलायचे, अशी विभागणी होती. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पहिलं माप ओतताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं. मापाच्या काठावर धान्याची जी टेकडी उभी राहते ती शीग. उत्सुकता शिगेला पोहोचते ती इथूनच. शीग धरायची की हातानं सपाट करायची, यावर धान्य देणारा आणि घेणारा यांचं एकमत होणं अवघडच. अमेरिकेत बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपल्या पाककृतींत कप-चमचे सपाट भरण्याचा आग्रह धरला, तो याच भांडणावरचा तोडगा म्हणायला हरकत नाही.

खरा घोळ ‘शेर’ या शब्दानं घातला. मापाचा शेर वेगळा, वजनाचा वेगळा. इंग्रजी अमदानीतला वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. मापाच्या शेरात बाजरी घाला की पोहे, वजन बदलणारच. त्यात गाव बदललं की पायलीही बदलायची.

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं आले आणि १९६२ पासून देशभर सक्तीचे झाले. दुकान किलोवर गेलं, स्वयंपाकघर मात्र वाटीवरच राहिलं. रूपांतराची गरज या फटीतून निघाली.

तरी बरीच वर्षं कुणाचं फारसं अडलं नाही, कारण आपण मोजायचो ते अख्खं धान्य. चकलीच्या भाजणीत चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ. वाटी कुठलीही असो, प्रमाण तेच राहतं, आणि दाणे पिठासारखे दबत नाहीत. दळण नंतर. तयार पिठाची पुडी आणि ओव्हन घरात आले तेव्हा गणित फिसकटलं. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा. त्यात हलक्या हातानं भरलेला मैदा साधारण १२०-१२५ ग्रॅम, साखर मात्र २०० ग्रॅम. मैदा दाबून भरला तर तोच कप दीडशेच्या आसपास जातो आणि केक दगड होतो. माझा झालाय, दोनदा. त्यामुळे केकला काटा, भाजणीला वाटी, असं आमच्या घरात ठरलंय.

बाजारात शेर अजून बोलण्यात आहेच. पावशेर मिरच्या मागितल्या की २५० ग्रॅम मिळतात. जुना पावशेर २३३ ग्रॅमचा होता. म्हणजे गिऱ्हाईक सतरा ग्रॅमनं फायद्यात.