चकमकीच्या बंदुकीचे स्क्रू किती आवळायचे?

‘लॉकचे स्क्रू जितके घट्ट, तितकी बंदूक भरवशाची’ हा समज जुना आहे. तो खरा नाही. लॉक म्हणजे ठिणगी पाडून दारू पेटवणारी, बंदुकीच्या बाजूला बसवलेली यंत्रणा.

अठराव्या शतकातली पेनसिल्व्हेनियाची लांब रायफल घ्या. तिची नळी दस्त्याला, म्हणजे लाकडी भागाला, धरतात वेगळ्या पिना आणि मागचा बोल्ट. लॉकचे स्क्रू लॉकच्या विरुद्ध बाजूच्या पितळी पट्टीतून आत येतात आणि लॉकची पट्टी जागेवर ठेवतात, एवढंच. म्हणून तर पुढच्या काळातल्या बऱ्याच रायफलींचं एकाच स्क्रूवर भागलं. एक स्क्रू दिसला म्हणून बंदूक अपुरी समजू नये.

जास्त आवळलं तर लॉकची पट्टी दस्त्याच्या मेपलच्या लाकडात रुतते, आतली कमान आणि फिरते भाग लाकडाला घासतात, घोडा (चकमकीचा दगड धरून पुढे आपटणारा भाग) मंदावतो, ठिणगी अशक्त पडते. मागचा स्क्रू लांब असेल तर त्याचं टोक बाहेर येऊन घोड्यालाच घासतं. तेव्हा लांबी बघूनच स्क्रू निवडावा.

पडताळा सोपा आहे. बंदूक रिकामी असल्याची आधी खात्री करा. स्क्रू अर्धा फेरा सैल करून घोडा हाताने धरून सावकाश पुढे-मागे करा. हालचाल मोकळी झाली, तर घर्षण लाकडाचंच. मग लॉक काढून आतल्या भागांना काजळी लावा, बसवा, पुन्हा घोडा हलवा. लाकडावर काळा डाग उमटेल, फक्त तिथेच हलकं खरवडायचं.