टोलीडो ब्लू स्टॉकिंग्ज : एका हंगामापुरता मोठा झालेला संघ

कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला आणि अमेरिकी बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पडली, हे पुष्कळांना ठाऊक असतं. ही भिंत मुळात उभी कशी राहिली, हे कळायला मात्र ओहायोतल्या टोलीडोच्या संघाकडे वळावं लागतं.

१८८३ मध्ये हा संघ नॉर्थवेस्टर्न लीग या दुय्यम दर्जाच्या स्पर्धेत उतरला आणि पहिल्याच फटक्यात विजेता ठरला. त्याचा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा) मोझेस फ्लीटवुड वॉकर कृष्णवर्णीय होता. ओबरलिन कॉलेज आणि मिशिगन विद्यापीठात शिकलेला. कृष्णवर्णीयांना बंदी घालावी असा ठराव याच लीगमधल्या पिओरियाच्या क्लबने हंगामाआधीच मांडला होता, पण चर्चेअंती तो बारगळला.

त्याच वर्षी १० ऑगस्टला शिकागोचा संघ प्रदर्शनीय सामन्यासाठी आला. वॉकर असेल तर आम्ही खेळणार नाही, असं त्यांचा कप्तान कॅप अॅन्सन अडून बसला. दुखऱ्या हातामुळे वॉकरला त्या दिवशी विश्रांतीच मिळणार होती. पण टोलीडोचे व्यवस्थापक चार्ली मॉर्टन यांनी त्याला मुद्दाम राइट फील्डला (मैदानाच्या उजव्या बाजूला) उतरवलं आणि सांगितलं, खेळला नाहीत तर तिकिटांच्या पैशातला वाटा विसरा. अॅन्सन मुकाट्याने खेळला. मॉर्टन यांचा हा ठामपणा मला फार मोलाचा वाटतो; पुढे असं वागणारे फारसे निघाले नाहीत.

१८८४ मध्ये युनियन असोसिएशन ही नवी लीग निघाली. तिला शह द्यायला अमेरिकन असोसिएशन या मेजर लीगने, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या लीगने, आपले संघ ८ वरून १२ केले आणि टोलीडोची वर्णी लागली. वॉकर मेजर लीगमध्ये उघडपणे खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. १ मे रोजी पहिला सामना झाला तो लुइव्हिलला. याच शहरात १८८१ मध्ये त्याला त्याच्या रंगामुळे खेळू दिलं नव्हतं.

त्या काळी कॅचरच्या हाताला आजच्यासारखा जाड मिट नसे. चेंडू कुठला येणार हे आधी कळणं त्याच्यासाठी फार गरजेचं होतं. त्यासाठी कॅचर पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, बोटांनी खुणा करतो. संघाचा हुकमी पिचर टोनी मुलेन मात्र वॉकरच्या खुणा जाणूनबुजून डावलायचा. आपल्याला लाभलेला तो सर्वोत्तम कॅचर होता, पण कृष्णवर्णीयाच्या खुणा पाळायची आपली तयारी नव्हती, हे मुलेनने पुढे स्वतःच कबूल केलं. अशा स्थितीत वॉकरने ४२ सामने खेळून फलंदाजीत .२६३ ची सरासरी राखली. त्याचा भाऊ वेल्डीही काही सामने खेळला.

व्हर्जिनियातल्या रिचमंडहून धमकीचं पत्र आलं : वॉकरला उतरवलंत तर ७५ जण त्याच्यावर तुटून पडतील. संघ तिकडे पोचेपर्यंत दुखापतींनी बेजार झालेला वॉकर संघाबाहेर गेला होता.

४६ विजय, ५८ पराभव, आठवा क्रमांक. हंगाम संपल्यावर असोसिएशनने संघांची संख्या कमी केली आणि टोलीडोची गच्छंती झाली.

भिंत उभी राहत गेली ती यानंतर. १८८७ च्या जुलैमध्ये इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगने नव्या कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार न करण्याचा निर्णय मतदानाने घेतला. पुढच्या वर्षी ट्राय-स्टेट लीगमधल्या अशाच बंदीविरुद्ध वेल्डी वॉकरने जाहीर पत्र लिहिलं. कुणाला वगळायचंच असेल तर खेळ आणि वर्तन पाहून वगळा, कातडीचा रंग पाहून नव्हे, असं त्याचं म्हणणं होतं.