अस्वल आधी दार वाजवतं

रात्रीची गोष्ट चालू आहे. सांगणाऱ्याला झोप येतेय, म्हणून तो अस्वलाला थेट आजीच्या घरात आणून बसवतो. लगेच पांघरुणातून आवाज येतो, “नाही! आधी अस्वल दार वाजवतं. मग आजी म्हणते, कोण आहे? मग ते आत येतं.” ही गोष्ट काल सांगून झालीय, परवाही. पुढे काय होणार ते त्या चार वर्षांच्या मुलीला तोंडपाठ आहे, तरी तिला तीच हवी आणि तश्शीच हवी. मोठ्यांना हा हट्ट वाटतो. माझ्या मते ती त्या वेळी चक्क अभ्यास करत असते.

ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हे तपासून पाहिलं. तीन वर्षांच्या मुलांना आठवडाभरात काही गोष्टी वाचून दाखवल्या. त्यांत अनोळखी वस्तू होत्या आणि त्यांना बनावट नावं दिलेली होती. काही मुलांनी त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकल्या, तर काहींनी वेगवेगळ्या. नवे शब्द मात्र सगळ्यांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. तरीही त्याच गोष्टी ऐकणाऱ्या मुलांना ते शब्द जास्त चांगले आले. याचं कारण समजायला अवघड नाही. गोष्ट नवी असते तेव्हा कोण कुठे गेलं, कोण कुणावर चिडलं, हे सांभाळतानाच मुलाची दमछाक होते. वाट पायाखालची झाली की आजूबाजूला बघायला सवड मिळते.

पण मुळात गोष्टच का? शब्दांची यादी पुन्हा पुन्हा ऐकवली तर चालणार नाही का? इथे मोठ्या माणसांवर झालेला एक जुना प्रयोग आठवतो. गॉर्डन बॉवर आणि मायकेल क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी 1969 मध्ये विद्यार्थ्यांना एकामागून एक 12 याद्या दिल्या, प्रत्येकीत 10 शब्द. अर्ध्या विद्यार्थ्यांना सांगितलं, शब्द गुंफून गोष्ट रचा. उरलेल्यांनी तेवढ्याच वेळात आपापल्या पद्धतीने पाठ केलं. प्रत्येक यादी संपल्या संपल्या विचारलं तेव्हा दोन्ही गटांना जवळजवळ सगळे शब्द येत होते. गंमत शेवटी झाली. बाराही याद्या आटोपल्यावर पुन्हा विचारलं, तर गोष्ट रचणाऱ्यांना सरासरी 93 टक्के शब्द आठवले आणि पाठ करणाऱ्यांना 13 टक्के. गोष्टीत एक कडी ओढली की पुढची आपोआप येते, यादीत प्रत्येक शब्द सुटा असतो. ‘मग काय झालं?’ आणि ‘का?’ हे मुलांचे अखंड प्रश्न म्हणजे या कड्या पक्क्या करण्याचं काम.

ही साखळी किती वजन पेलू शकते, हे बॉस्टन विद्यापीठाच्या डेबोरा केलेमन यांच्या कामात दिसतं. त्यांनी निवडलेला विषय होता नैसर्गिक निवड, म्हणजे परिस्थितीत टिकणाऱ्यांना जास्त पिल्लं होतात आणि पिढ्यांमागून पिढ्या त्यांचेच गुण उरतात. शाळेत तो सहसा बराच उशिरा येतो आणि तेव्हाही डोक्यावरून जातो. जिराफाला उंचावरचा पाला खायचा होता म्हणून त्याची मान लांब झाली, असं लहान मुलं चुकीने म्हणतात. खरं तर मोठेही म्हणतात. केलेमन यांच्या गटाने पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एक छोटं चित्रपुस्तक केलं. त्यात सोंडेने किडे खाणारे काल्पनिक प्राणी आहेत. काहींची सोंड जाड, काहींची बारीक. मग हवा फार तापते आणि किडे जमिनीखालच्या अरुंद बोगद्यांत जाऊन राहतात. जाड सोंड आत शिरत नाही, त्यामुळे तसे प्राणी उपाशी राहतात, लवकर मरतात, त्यांना पिल्लं कमी होतात. बारीक सोंडवाल्यांचं पोट भरतं, त्यांना जास्त पिल्लं होतात आणि पिल्लांची सोंडही बारीकच असते. पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर जवळपास सगळेच बारीक सोंडेचे उरतात.

नंतर मुलांना दुसऱ्याच एका प्राण्याबद्दल विचारलं. बहुतेकांनी तोच तर्क तिथे लावून दाखवला आणि तीन महिन्यांनीही तो विसरला गेला नव्हता. 2014 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मला सर्वांत आवडली ती त्या पुस्तकातली काटकसर. त्यातले प्राणी बोलत नाहीत, कपडे घालत नाहीत, त्यांना काही ‘व्हावंसं’ वाटत नाही. प्रत्येक पान आधीच्या पानामुळे घडतं, बस्स.

आता तात्पर्याकडे वळू. गोष्ट संपली की ‘म्हणून बाळांनो’ म्हणण्याची आपल्याला भारी घाई असते. टोरांटो विद्यापीठाच्या कांग ली यांनी सहकाऱ्यांसह तीन ते सात वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. मागे ठेवलेल्या खेळण्याकडे वळून पाहायचं नाही, असं सांगून मुलाला खोलीत एकटं सोडायचं. बरीच मुलं वळून पाहतातच. मग एक गोष्ट वाचून दाखवायची आणि विचारायचं, पाहिलंस का? ‘लांडगा आला रे आला’ ऐकलेली मुलं इतरांपेक्षा काही जास्त खरं बोलली नाहीत. खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या बाहुल्याच्या गोष्टीनेही फरक पडला नाही. फरक पडला तो झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या आणि त्याबद्दल वडिलांकडून शाबासकी मिळवणाऱ्या मुलाच्या गोष्टीने. त्याच गोष्टीचा शेवट बदलून वाईट केला, तर परिणाम नाहीसा झाला. विचार केला तर हे साहजिकच आहे. लांडग्याच्या गोष्टीत खोटं बोलणाऱ्याचं काय होतं ते कळतं. चूक झाल्यावर खरं बोलून कुणाचं भलं झालेलं त्यात कुठेच दिसत नाही.

टोरांटोतल्याच आणखी एका अभ्यासात वाटून घेण्याची गोष्ट चार ते सहा वर्षांच्या मुलांना दोन रूपांत ऐकवली. माणसांची पात्रं असलेली गोष्ट ऐकून मुलांनी आपले स्टिकर जास्त वाटले. माणसांसारखे कपडे घातलेल्या प्राण्यांच्या गोष्टीने तसं झालं नाही. म्हणून कोल्हे-ससे हद्दपार करा असं मी मुळीच म्हणणार नाही. हसवणं, भाषा खेळवणं ही त्यांची कामं आहेतच. चांगुलपणा शिकवायचं ओझं तेवढं त्यांच्या पाठीवर टाकू नये.

सांगणाऱ्याच्या बाजूनेही काही करता येतं. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी 1988 मध्ये काही आईवडिलांना चित्रपुस्तक वाचताना मध्येच थांबायला शिकवलं. मूल म्हणालं, “कुत्रा पळाला”, तर आपण म्हणायचं, “हो, कुत्रा घाबरून पळाला. कशाला घाबरला असेल?” दुसऱ्या गटातले पालक तितक्याच वेळा, पण नेहमीसारखं वाचत होते. महिन्याभरात पहिल्या गटातली मुलं, जेमतेम दोन-तीन वर्षांची, बोलण्याच्या चाचण्यांत पुढे गेली. अर्थात प्रत्येक पानावर प्रश्न विचारला की त्याची तोंडी परीक्षा होते आणि मूल पुस्तक मिटून टाकतं.

कधीतरी मूलच गोष्ट सांगायला घेतं. तीन वर्षांच्या मुलाची गोष्ट ‘मग’वर चालते : मग तो गेला, मग तो आला, मग झोपला. पुढच्या एक-दोन वर्षांत तिच्यात ‘कारण’ येऊ लागतं. ती अस्वलवाली मुलगी आता बाहुलीला गोष्ट सांगतेय. दार वाजवून झालंय, आजीने कोण आहे विचारून झालंय. मी मध्येच विचारतो, “पण अस्वल आजीकडे आलंच कशाला?” ती क्षणभर थांबते.

“कारण बाहेर त्याला थंडी वाजत होती,” ती म्हणते आणि पुढे जाते. इतक्या रात्री सांगितलेल्या माझ्या गोष्टीत थंडी कधीच नव्हती.