अडीच तास आधी येणारा धूमकेतू

मार्सेयच्या वेधशाळेत जाँ-लुई पॉन्स नोकरीला लागला तो दारवान म्हणून. आकाश बघायला तो तिथेच शिकला आणि पुढे तब्बल ३७ धूमकेतू त्याच्या नावावर जमा झाले. त्यातला एक, फिकट पुंजक्यासारखा, त्याला २६ नोव्हेंबर १८१८ ला दिसला.

त्याची कक्षा काढायला बसला जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान एन्के. गणितातून निघालं ते चक्रावणारं होतं: अवघ्या ३.३ वर्षांत सूर्याला एक फेरी! हॅलीचा धूमकेतू ७६ वर्षं घेतो. मग जुन्या नोंदी तपासल्या. १७८६ मध्ये मेशें, १७९५ मध्ये कॅरोलाइन हर्शेल, १८०५ मध्ये तर खुद्द पॉन्स. प्रत्येक वेळी ‘नवा’ म्हणून नोंदलेला तो हाच होता.

१८२२ मध्ये तो परत येईल, असं एन्केने सांगितलं. युरोपातून तो दिसण्यासारखा नव्हता. पण २ जूनला सिडनीजवळच्या पॅरामाटा इथे कार्ल रुम्करने त्याला गाठलंच. नाव पडलं एन्केचं. तो स्वतः मात्र ‘पॉन्सचा धूमकेतू’ असंच म्हणत राहिला.

खरी गंमत पुढे आहे. ग्रहांच्या ओढीचा चोख हिशेब धरूनही हा प्रत्येक फेरीला सुमारे अडीच तास लवकर यायचा. अवकाशातलं एखादं विरळ द्रव्य त्याला अडवत असावं, असा एन्केचा कयास. अडवलं तर उशीर व्हायला हवा ना? नाही. ऊर्जा घटली की कक्षा आक्रसते आणि लहान कक्षेची फेरी लवकर संपते.

तर्क बरोबर, कारण चुकलेलं. अडवणारा बाहेर कोणी नव्हताच. १९५० मध्ये फ्रेड व्हिपलने मांडलं, की धूमकेतूचा गाभा म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा. उन्हाने बर्फाची वाफ होऊन ती जोरात सुटते आणि गोळ्याला उलटा रेटा बसतो. आपल्याकडे ऊन डोक्यावर असतं बाराला, पण जीव नकोसा होतो दोन-तीनला. गाभाही स्वतःभोवती फिरत असल्यामुळे त्याची सर्वांत तापलेली बाजू नेमकी सूर्यासमोर नसते. म्हणून रेटा तिरका बसतो, आणि एन्केच्या बाबतीत तो गतीच्या विरुद्ध पडत होता. अलीकडे हा ‘लवकरपणा’ बराच कमी झालाय. वाफ सुटण्याची दिशाच हळूहळू बदलत गेली.

१८१८ पासून खगोलशास्त्रज्ञांची एकच फेरी हुकली, महायुद्धाच्या धामधुमीतली १९४४ ची. आता फेब्रुवारी २०२७ मध्ये तो पुन्हा सूर्याजवळ असेल.