श्वानाहार : कोकण किनारपट्टी

श्वानाहार : माणसाच्या आश्रयाने राहणाऱ्या कुत्र्याला घातले जाणारे अथवा त्याने स्वतः मिळवलेले खाणे. प्रस्तुत नोंद डहाणूपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेल्या सुमारे ७२० किमी. किनारपट्टीपुरती आहे. पाकिटातला कोरडा दाणेदार आहार आणि घरचा अथवा ‘नैसर्गिक’ म्हटला जाणारा आहार यांपैकी कोणता द्यावा, हा तिचा मुख्य विषय. घरच्या आहारात किनाऱ्यावर पेज, भात, नाचणीची भाकरी, मासळीची डोकी-काटे आणि उष्टे-खरकटे येते. कोरड्या आहाराला बोलीत स्थिर नाव नाही. ‘दाणे’, ‘पाकीट’ किंवा कंपनी कोणतीही असली तरी ‘पेडिग्री’, असे म्हटले जाते. एका कंपनीचे नाव अख्ख्या पदार्थाला चिकटण्याचा प्रकार मराठीला ‘डालडा’पासून ठाऊक आहे.

‘नैसर्गिक’ कशाला म्हणावे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि पुढचा बराचसा वाद याच एका शब्दावर उभा आहे. कुत्रा लांडग्यापासून माणसाळला, हे निर्विवाद. तो केव्हा माणसाळला, याची अनुमाने सुमारे १५,००० ते ४०,००० वर्षांपूर्वीपर्यंत पसरलेली आहेत. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे माणसांसोबत पुरलेला कुत्रा सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा मानतात आणि निश्चित पुरावा म्हणून बहुधा त्याच्याकडेच बोट दाखवले जाते. कसा माणसाळला, याबद्दल दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते शिकारी टोळ्यांनी लांडग्याची पिल्ले आणून वाढवली. दुसऱ्या पक्षाची मांडणी अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी २००१ च्या सुमारास ठळकपणे केली. तिच्यानुसार वस्तीच्या कडेला पडणाऱ्या उकिरड्यावर जे लांडगे कमी बुजत, तेच टिकले आणि त्यांनी स्वतःला माणसाळवून घेतले. या मांडणीवर कालगणनेचा आक्षेप घेतला जातो. स्थिर गावे वसण्याआधीच कुत्रा दिसतो, मग उकिरडा कुठला, असा तो प्रश्न आहे. आक्षेप वजनदार आहे. तरीही गावठी कुत्र्याच्या आजच्या आहाराचा उलगडा दुसऱ्या मांडणीने अधिक सरळ होतो, म्हणून येथे कल तिच्याकडे आहे. कोळीवाड्यातल्या कुत्र्याला रानातले भेकर पाडायचे नसते. मासळी निवडून झाल्यावर जे उरते त्यावर त्याचे भागते.

या प्रश्नाला २०१३ मध्ये जनुकशास्त्राने नवे वळण दिले. स्वीडनमधील एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की, स्वादुपिंडातील पिष्टपाचक विकर (अमायलेज) घडवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात सहसा दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या चार ते तीस इतक्या आढळतात. म्हणजे भात-भाकरी पचवण्याची सोय कुत्र्याच्या अंगातच आली. पुढील अभ्यासांनी हे चित्र थोडे गुंतागुंतीचे केले. डिंगो (ऑस्ट्रेलियातील जंगली कुत्रा) आणि ध्रुव प्रदेशातील काही जातींत प्रती कमी निघाल्या. शेतीची जुनी परंपरा असलेल्या प्रदेशांतील कुत्र्यांत त्या जास्त असल्याचे २०१६ मध्ये दिसले. त्याच वर्षी प्राचीन हाडांतील डीएनएवरून पूर्व युरोपातील कुत्र्यांत ही वाढ सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच झाल्याचे मांडले गेले. तेव्हा प्रतींची वाढ माणसाळण्याबरोबर झाली असे नव्हे. ती शेतीबरोबर झाली असावी, हे मत आता अधिक मान्य दिसते. कच्च्या मांसाचा पुरस्कार करताना दिला जाणारा ‘कुत्रा म्हणजे घरातला लांडगा’ हा युक्तिवाद यामुळे बराच सैल पडतो. मात्र पिष्ट पचते म्हणजे नुसता भात पुरतो, असाही अर्थ काढता येत नाही.

लिखित उल्लेखांत ‘वेंदिदाद’ या झरतुष्ट्री धर्मग्रंथाचा उल्लेख आधी करायला हवा. त्याचा काळ अनिश्चित आहे. त्याच्या तेराव्या प्रकरणात दूध आणि मांसासह चरबी हे कुत्र्याचे योग्य अन्न सांगितले आहे. जेवणाआधी कुत्र्यासाठी घास काढण्याची पारशी रीत (‘कुत्रानो बूक’) याच परंपरेतली. ती उत्तर कोकणात परकी नाही. मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, त्यामागेही ही श्रद्धा होती. वैदिक गृह्यपरंपरेत वैश्वदेवानंतर कुत्र्यासाठी जमिनीवर अन्न ठेवावे असे सांगितले आहे. मनुस्मृतीत (साधारणपणे इ. स. पू. २०० ते इ. स. २०० या काळातील मानली जाते) तिसऱ्या अध्यायात ‘शुनां च पतितानां च’ असा त्याचा निर्देश येतो. श्राद्धातील श्वानबली यमाच्या श्याम आणि शबल या दोन कुत्र्यांशी जोडला जातो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (सुमारे ११३०) या ग्रंथात शिकारी कुत्र्यांवर ‘सारमेयविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. ही सर्व माहिती धर्माची आणि दरबाराची आहे. वाडीतल्या कुत्र्यापुढे रोज काय पडे, ते यातून कळत नाही.

कोरड्या आहाराचा उगम सर्वत्र एकाच गोष्टीने सांगितला जातो. तडितरक्षकांचा व्यापार करणारा अमेरिकी गृहस्थ जेम्स स्प्रॅट लंडनला आला, गोदीत कुत्री जहाजावरची कडक बिस्किटे खाताना त्याने पाहिली आणि त्याला कल्पना सुचली. वर्ष बहुतेक ठिकाणी १८६० दिलेले असते. पेटंट मात्र १८६१ चे आहे. गोदीतला प्रसंग नंतर रचलेला असण्याचा संभव आहे. शिकारी कुत्र्यांच्या कळपांसाठी भाजलेली बिस्किटे इंग्लंडमध्ये त्याआधीही विकली जात, त्यामुळे ‘पहिले’ हे विशेषण जपून वापरावे. स्प्रॅटचे खरे कर्तृत्व विक्रीत दिसते. गहू, भाज्या, बीट आणि मांस यांची त्याची वडी जातिवंत कुत्री बाळगणाऱ्या वर्गात पोहोचली. ज्याच्या नावाने १८९१ पासून प्रसिद्ध श्वानप्रदर्शन भरते, तो चार्ल्स क्रफ्ट याच कंपनीत कामाला होता. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याचा तुटवडा पडला, डबाबंद मांस मागे पडले आणि कोरड्या मालाला वाव मिळाला.

आज पाकिटात असतो तो फुगलेला दाणा त्यानंतरचा. अमेरिकेत प्युरिना कंपनीने १९५७ मध्ये तो बाजारात आणला. धान्य, मांसाची किंवा मासळीची भुकटी आणि पाणी यांचा लगदा उष्णता व दाब देऊन साच्यातून बाहेर काढतात. बाहेर येताच दाब सुटतो आणि दाणा फुलतो. कुरमुरा फुलण्यामागचे तत्त्व याच्या जवळचे आहे. या प्रक्रियेत पिष्ट शिजते आणि पचायला हलके होते, पण काही जीवनसत्त्वे नष्ट होतात व लायसिन या अ‍ॅमिनो आम्लाचा काही भाग निकामी होतो. म्हणून जीवनसत्त्वांची भर प्रक्रियेत होणारी घट धरूनच घालतात आणि चरबी दाणा सुकल्यावर वरून फवारतात. दाणा कुत्र्याला आवडतो तो मुख्यतः या फवाऱ्यामुळे.

किनाऱ्यावरच्या आहाराची पोषणमूल्ये मोजून पाहणे उद्‌बोधक ठरते. विश्रांतीतील ऊर्जेची गरज किलोग्रॅममधील वजनाच्या ०·७५ घाताला ७० ने गुणून काढतात. घरगुती प्रौढ कुत्र्यासाठी तिच्या सुमारे १·६ पट धरतात. १५ किग्रॅ. वजनाच्या गावठी कुत्र्याला यानुसार दिवसाला सुमारे ८५० किलोकॅलरी लागतात. दाण्यांतून एवढी ऊर्जा २४० ते २५० ग्रॅममध्ये मिळते. नुसत्या भातातून ती मिळवायची तर शिजलेला भात साडेसहाशे ग्रॅम लागेल आणि त्यातून प्रथिने मिळतील जेमतेम १८ ग्रॅम. अमेरिकी पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मानकानुसार (दर १,००० किलोकॅलरीमागे ४५ ग्रॅम) या कुत्र्याला ३८ ग्रॅम हवीत. म्हणजे पेजेवर वाढणारे कुत्रे पोट भरूनही अर्धपोटी असते. भात ४५० ग्रॅम, काटे काढलेला बांगडा १५० ग्रॅम आणि चमचाभर तेल असे केले की ऊर्जा व प्रथिने दोन्ही जुळतात.

कॅल्शियम मात्र जुळत नाही. गरज सुमारे एक ग्रॅमची, आणि वरच्या जेवणात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा असतो. काटे काढून स्वच्छ मासळी घालणारा मालक या बाबतीत मागे पडतो. मांदेली, जवळा असे बारीक म्हावरे उकडून सगळेच घालणारी कोळीण नकळत पुढे असते. नाचणीत कॅल्शियम भरपूर, दर १०० ग्रॅममध्ये ३४० ते ३६० मिग्रॅ. पण एका भाकरीच्या पिठातून दोनशेच्या आसपासच मिळते, आणि फायटिक आम्लामुळे तेही सगळे अंगी लागत नाही. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड अर्धा चहाचा चमचा घातली की उणीव जवळपास भरते. जस्त, तांबे आणि ई जीवनसत्त्व एवढ्याने भरून येत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये घरगुती श्वानाहाराच्या २०० कृती तपासल्या. त्यांतील ९५ टक्के कृतींत निदान एक आवश्यक घटक कमी होता. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम प्रौढापेक्षा कितीतरी जास्त लागते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत त्याचा अतिरेकही हाडे बिघडवतो. पिल्लाच्या बाबतीत अंदाजपंचे घरगुती जेवणापेक्षा चांगल्या प्रतीचे दाणे सुरक्षित, असे मत द्यावे लागते.

मासळीबद्दल काही तांत्रिक बाबी. अनेक माशांत, विशेषतः तारलीच्या कुळात, थायामिनेज हे विकर असते आणि ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करते. शिजवल्यावर ते निष्प्रभ होते, म्हणून रोजच्या आहारात मासळी उकडूनच असावी. उकडलेले पाणी फेकू नये. हृदयाच्या स्नायूंना लागणारे टॉरीन पाण्यात उतरते, ते भातात कालवावे. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामीन हे बाधणारे द्रव्य साठते आणि शिजवूनही जात नाही. सुकटीत फरक करावा लागतो. वलांडीवर वाळवलेले बोंबील बहुधा बिनमिठाचे असतात. खारवलेला बांगडा मात्र कुत्र्याला घालण्याजोगा नाही. उकडलेल्या मोठ्या माशाच्या कण्याचे काटे आणि कोंबडीची शिजलेली हाडे फुटून टोकदार होतात, ती टाळावीत. वाटणातला कांदा व लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतात. त्यामुळे कालवणाचा उरलेला रस्सा भातावर ओतण्याची सर्रास सवय वाईटच. केंड माशाच्या काही जातींत टेट्रोडोटॉक्सिन हे जहाल विष असते. ते शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. जाळ्यातून काढून पुळणीवर फेकलेले केंड कुत्र्याच्या तोंडी लागू नयेत, एवढी काळजी पुरे.

पावसाळ्यात दोन्ही पर्यायांची परीक्षा होते. राज्यात यांत्रिक मासेमारीला अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते आणि जुन्या रिवाजाने नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारलेल्या असतात. या काळात ताजी मासळी आटते, सुकटीही माणसांपुरतीच उरते आणि वाडीतली कुत्री पेजेवर येतात. पण नेमके याच दिवसांत पाकीटही बेभरवशाचे होते. वर्षाला २,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात उघडे पाकीट आठवड्याभरात दमट होते, वरची चरबी खवट होते आणि बुरशी धरते. मका असलेल्या खाद्यात अस्परजिलस बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृत निकामी करते. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत अशा दूषित खाद्याने शंभराहून अधिक कुत्री दगावल्याची नोंद झाली. तेथे दोष कारखान्यातला होता. कोकणात तो माळ्यावरही निर्माण होऊ शकतो. गणपतीला येताना चाकरमान्याने आणलेली वीस किलोंची स्वस्त गोणी एका कुत्र्यासाठी दिवाळीनंतरही पुरते, तेव्हा ही काटकसर फसवी आहे. लहान पाकिटे घ्यावीत आणि झाकणाच्या डब्यात पाकिटासकट ठेवावीत. वाळलेल्या खोबऱ्यालाही हीच बुरशी धरते. बुरसलेली वाटी ‘कुत्र्याला चालते’ म्हणून टाकण्यात अर्थ नाही.

धान्यविरहित दाण्यांची टूम शहरांतून आली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये वाटाणा-मसूर भरपूर असलेले असे खाद्य आणि हृदयस्नायू विस्फारण्याचा विकार यांच्या संभाव्य संबंधाची चौकशी जाहीर केली. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियमित माहिती देणे थांबले. भात पचवणाऱ्या कुत्र्याला या खाद्याची मुळात गरज काय, हा प्रश्न उरतो. कच्चे मांस व हाडे यांचा पंथ ऑस्ट्रेलियन पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ पासून रूढ केला. अमेरिकी पशुवैद्यक संघटनेने २०१२ मध्ये साल्मोनेला आदी जंतूंमुळे माणसांनाही धोका असल्याचे सांगून त्याविरुद्ध धोरण स्वीकारले. बर्फ वेळेवर न मिळणाऱ्या दमट बाजारपेठांत हा आक्षेप अधिकच लागू पडतो.

खाणे बदलायचे झाल्यास सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत बदलतात. दाण्यांवरच्या कुत्र्याला पाणी जास्त लागते, कारण दाण्यात ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास, तर भातात सुमारे सत्तर टक्के असतो. अंगणातली दगडी डोण उन्हाळ्यात भरलेली हवी.

बेवारस कुत्र्यांना खाणे घालण्याबाबत २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत तरतूद आहे. वस्तीने मुलांची व वृद्धांची ये-जा टाळून जागा आणि वेळ ठरवावी, असे त्यात म्हटले आहे. मासळी उतरवण्याच्या बंदरांवर ही जागा कुत्र्यांनी आधीच ठरवलेली असते.